रेघ खाली आली म्हणून मी पेशंट झाले का?

पत्राचा सारांश (नाव-गाव काढून): लिहिणाऱ्या ताई ५३ वर्षांच्या आहेत, नाशिक जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. दोन वर्षांपूर्वी गुडघेदुखीसाठी रक्त तपासलं तेव्हा प्लेटलेट्स ५ लाख २० हजार निघाल्या. नंतर तीन वेळा तपासलं तरी तेवढ्याच. रक्तविकार तज्ज्ञांनी जॅक-२ नावाची टेस्ट केली, ती पॉझिटिव्ह आली, बोनमॅरोची, म्हणजे हाडातल्या मगजाची, तपासणीही झाली आणि निदान झालं इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया, थोडक्यात ईटी, म्हणजे बोनमॅरोत प्लेटलेट्स गरजेपेक्षा जास्त बनायचा आजार. औषध म्हणून, रक्ताची गुठळी होऊ नये यासाठी, रोज ७५ची अ‍ॅस्पिरिन. पण रिपोर्टवर 'निओप्लाझम' शब्द होता, तो मोबाईलवर शोधल्यावर 'ब्लड कॅन्सर' आलं आणि झोप उडाली. थोरले भाऊ म्हणतात, "२००३ साली माझ्या ५ लाख ६० हजार होत्या, डॉक्टर म्हणाले काही नाही, आज ६८व्या वर्षी ठणठणीत आहे. हे सगळं नियम बदलून पेशंट वाढवायचे उद्योग." अमेरिकेतल्या भाच्यानं एक ग्राफ पाठवलाय, त्यात या आजारांच्या नोंदी २००१च्या आधी जवळजवळ नाहीतच आणि २००१पासून एकदम भिंतीसारख्या उभ्या. त्याच्या मते हे फवारणीमुळं. या गोंधळात ताईंनी तीन आठवड्यांपासून गोळी बंद केलीय. लेकीचं लग्न ठरत आलंय, आणि त्या विचारतात: मला खरंच आजार आहे का, त्याला कॅन्सर म्हणायचं का, आणि लेकीच्या सासरच्यांना सांगायचं का?

ताई,

सगळ्यात आधी गोळीचं, बाकीचं चार दिवसांनी वाचलंत तरी चालेल. उद्या सकाळी तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि तीन आठवडे गोळी बंद आहे हे सरळ सांगा. ओरडतील म्हणून लपवू नका, आणि "राहिलेल्या भरून काढते" म्हणून स्वतःच्या मनानं दोन-दोन तर अजिबात घेऊ नका. ते विचारतील मधे कुठं रक्त आलं का, शौचाला काळं झालं का, पित्ताचा त्रास वाढला का, दुसरं कुठलं पेनकिलर चालू आहे का. गुडघ्यासाठी काही घेत असाल, मेडिकलमधून आणलेली साधी आयबुप्रोफेन असली तरी, नाव सांगा, कारण ती अ‍ॅस्पिरिनच्या कामात आडवी येते. आणि फोन करायच्या आतच तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात गळून जाणं, बोलताना जीभ जड होणं, छातीत दाब, एकाच पायाला सूज, अचानक डोळ्यापुढं पडदा, असलं काही झालं तर फोनची वाट न बघता थेट हॉस्पिटल. घरात लेकीलाही हे पाठ करून ठेवायला सांगा.

आता तुमच्या दादांकडं येते. ताई, दादा खोटं बोलत नाहीयेत. नियम खरंच बदललाय. पूर्वी ईटीसाठी प्लेटलेट्स ६ लाखांच्या वर लागायच्या, २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ती रेघ साडेचार लाखांवर आणली. म्हणजे २००३ साली दादांच्या ५ लाख ६० हजार होत्या तेव्हा ते रेघेच्या खाली होते आणि त्यांचे डॉक्टर त्या वेळच्या नियमाप्रमाणं बरोबर होते. आज तुमच्या ५ लाख २० हजार रेघेच्या वर आहेत आणि तुमचेही डॉक्टर बरोबर आहेत. तुम्ही शिक्षिका आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगते, पासिंग ३५ वरून ४० केलं तर त्या वर्षी नापास मुलं वाढतील, पण म्हणून गावातली पोरं एका वर्षात ढ झाली असं कुणी म्हणणार नाही ना. इथवर दादा आणि मी एका बाजूला.

पण दादांनी त्यातून जो अर्थ काढला, की रेघ पेशंट वाढवायला खाली आणली, तिथं मी थोडं थांबवते. रेघ खाली का आणली ते बघा. २००५ साली केंब्रिज, पॅरिस, बाझल आणि बॉस्टन इथल्या चार वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी जॅक-२ या जीनमधला तो एक बदल शोधून काढला. त्याआधी ईटी हे 'बाकी सगळं नाही, म्हणून हे असणार' असं उरलंसुरलं निदान होतं, त्यामुळं चुकून साध्या माणसाला शिक्का बसू नये म्हणून रेघ मुद्दाम उंच ठेवलेली. एकदा रक्तात थेट बघायची खूण मिळाल्यावर (ईटीच्या साधारण निम्म्याहून थोड्या जास्त पेशंटमधे जॅक-२ सापडतो, बऱ्याचशा उरलेल्यांत कॅल्र नावाचा दुसरा बदल, तो २०१३ला कळला) लक्षात आलं की साडेचार ते सहा लाखांच्या मधे असलेल्या काही लोकांमधे अगदी तोच आजार आहे, आणि त्यांच्यातल्या काहींना लकवा, हार्ट अटॅकही आलेले आहेत. ते लोक आधीपासून आजारीच होते, फक्त त्यांना नाव नव्हतं. आणि खरं सांगायचं तर या आजारात गुठळी होणार की नाही हे प्लेटलेटच्या आकड्यावरून नीट कळतच नाही, वय, आधी कधी गुठळी झालीय का, जॅक-२ आहे का, आणि बीपी-शुगर-तंबाखू यावरून जास्त कळतं. म्हणून "माझ्या तर ५ लाख ६० हजार होत्या" हे वाक्य ऐकायला वजनदार वाटतं, पण त्यातून ना त्यांचं काही ठरतं ना तुमचं.

दुसरं म्हणजे ती रेघ नुसता दरवाजा आहे. साडेचार लाखांच्या वर गेलं की ईटी, असं नाही. आपल्याकडं प्लेटलेट्स वाढायचं सगळ्यात नेहमीचं कारण काय तर लोहाची कमतरता, इन्फेक्शन, कुठली तरी सूज, नुकतंच झालेलं ऑपरेशन. मी स्वतः पॅथॉलॉजी लॅबमधे २६ वर्षं काम केलंय, साडेपाच-सहा लाखांचे रिपोर्ट आठवड्यात कितीतरी जायचे आणि त्यातल्या बहुतेक बायका नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी तीन महिन्यांत खाली यायच्या. कधीकधी तर लाल पेशी इतक्या बारीक झालेल्या असतात की मशीन त्यांनाच प्लेटलेट समजून मोजतं, मग स्लाइड करून डोळ्यांनी बघावं लागतं. तुमच्या बाबतीत आकडा दोन वर्षं टिकला, जॅक-२ मिळाला, बोनमॅरो झाली. म्हणजे तुमचं निदान एका आकड्यावर उभं नाहीये. दादांचा तो २००३चा आकडा कशामुळं होता कोण जाणे, त्या महिन्यात टायफॉइड झालेला असेल, दाढ सुजलेली असेल. त्यांच्याशी वाद घालत बसू नका, प्रेमानं एवढंच म्हणा की दादा, २००३नंतर परत एकदा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, केली का? नसेल केला तर करून घ्या, साधी टेस्ट आहे.

लॅबचा विषय निघालाच आहे तर एक सांगते, कारण भाच्याच्या ग्राफचं अर्धं उत्तर त्यात आहे. मी कामाला लागले तेव्हा, ९०च्या दशकाच्या सुरुवातीला, आमच्याकडं सेल काउंटर मशीन नव्हतं. हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी करायचो, स्लाइड बघायचो आणि रिपोर्टवर प्लेटलेट्सपुढं शब्द लिहायचो, 'अ‍ॅडिक्वेट'. म्हणजे पुरेशा आहेत. आकडा नाही! डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं तरच न्यूबॉवर चेंबरमधे, म्हणजे चौकोन आखलेल्या काचेवर, एकेक प्लेटलेट मोजायची, आणि ते बहुतेक वेळा कमी झाल्याची शंका असेल तेव्हाच, वाढल्याची काळजी कुणाला होती. आजही आपल्याकडं प्लेटलेट म्हटलं की डेंग्यू आणि 'कमी झाल्या' एवढंच डोक्यात येतं. म्हणजे माझ्याच हातून किती लोकांच्या सहा-सात लाखवाल्या स्लाइड 'अ‍ॅडिक्वेट' म्हणून गेल्या असतील देव जाणे, आणि ती माणसं कुठल्याही हिशोबात आली नाहीत. मशीन आलं आणि जांभळ्या झाकणाची एक ट्यूब घातली की न मागता प्लेटलेटचा आकडा छापून यायला लागला. गुडघ्यासाठी गेलेल्या तुमच्यासारखीला ईटी सापडायला लागला तो असा. त्या सालापासून आमच्या तालुक्यात हा आजार 'वाढला' असं कुणी म्हटलं असतं तर ते आमच्या मशीनबद्दल बोलत असते.

आता तो ग्राफ. २००१ला उभी भिंत. ताई, जगात कुठलाही आजार असा एक जानेवारीला उगवत नाही, त्यामुळं असा ग्राफ दिसला की हवेत-पाण्यात काय बदललं हे विचारायच्या आधी वहीत काय बदललं ते विचारायचं. आणि इथं नेमकं माहीत आहे. कॅन्सरच्या नोंदी करायला आयसीडी-ओ नावाचं आंतरराष्ट्रीय कोडबुक असतं. त्यात प्रत्येक आजाराला एक नंबर, मग तिरकी रेघ, आणि रेघेपुढं एक आकडा: ० म्हणजे साधी गाठ, १ म्हणजे पुढं काय वागेल ते नक्की नाही, ३ म्हणजे कॅन्सर. दुसऱ्या आवृत्तीत ईटीपुढं १ होता. २०००मधे तिसरी आवृत्ती आली त्यात १चा ३ झाला. ईटी एकटाच नाही, लाल पेशी वाढायचा पॉलिसायथेमिया व्हेरा, आणि बोनमॅरो नीट पेशी बनवत नाही तो एमडीएस, यांचंही तेच झालं. अमेरिकेतल्या कॅन्सर रजिस्ट्र्या, म्हणजे कॅन्सरच्या पेशंटांच्या नोंदवह्या, ३ वाले आजार नोंदवायच्या, १ वाले नाही, आणि तिथं नवं पुस्तक २००१पासूनच्या निदानांना लागू झालं. म्हणजे ३१ डिसेंबर २०००ला निदान झालेला माणूस त्या वहीत नाही, आणि दुसऱ्या दिवशी झालेला आहे. रक्त तेच, वही नवीन. भाच्याची भिंत ती ही. त्याला हे कळवा, रागानं नको, पोरगं काळजीनं पाठवतंय. फवारणीचा शरीरावर काही परिणाम होतो की नाही हा वेगळा प्रश्न आहे, तो गंभीरपणे अभ्यासायचाच प्रश्न आहे, पण त्याचं उत्तर या भिंतीत नाही.

आणि भिंतीनंतरचा आकडाही पूर्ण धरू नका. ईटीचे पेशंट बहुतेक ओपीडीत येतात, गोळी घेऊन घरी जातात, अ‍ॅडमिट होत नाहीत, त्यामुळं मुख्यतः हॉस्पिटलकडून भरणाऱ्या वहीत ते सुटतात. आपल्याकडं बघा, लोकसंख्येवर आधारलेली देशातली पहिली कॅन्सर रजिस्ट्री मुंबईत १९६३ साली सुरू झाली, आणि ग्रामीण भागातली पहिली आपल्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला, १९८७ साली. बार्शीत तर लोक गावोगावी जाऊन माहिती गोळा करायचे, कारण हॉस्पिटलात बसून राहिलं तर खेड्यातली बाई वहीत येतच नाही. ज्या बाईच्या रक्ताची ट्यूबच कधी भरली गेली नाही तिचा ईटी जगातल्या कुठल्याच ग्राफवर नाही, आणि मला खरं सांगू का, दादांच्या 'पेशंट वाढवतात' यापेक्षा ही गोष्ट मला जास्त टोचते.

जाळी किती बारीक आहे यावरही आकडा ठरतो. डेन्मार्कमधे जॅक-२ साध्या लोकांमधे शोधायचे दोन मोठे अभ्यास झाले. एकात सुमारे ४९ हजार लोक होते, त्यात हजारात एखाद्याला सापडला. नंतरच्या अभ्यासात जवळपास २० हजार लोक होते पण टेस्ट कितीतरी नाजूक होती, तर शंभरातल्या तिघांत सापडला! देश तोच, माणसं तशीच. त्या तिघांतल्या बहुतेकांत तो अगदी चिमूटभर होता आणि आजार म्हणावा असं काही नव्हतं. म्हणून तुमचं पत्र वाचून कुणी "चला मीही जॅक-२ करून टाकते" म्हणून लॅबमधे जाऊ नका. आधी आकडा वाढलेला असावा, तो टिकलेला असावा, साधी कारणं बघून झालेली असावीत, मगच ही टेस्ट, आणि ती डॉक्टरांनी सांगितल्यावर.

दादांना सांगायला अजून एक गोष्ट देते. ईटीची रेघ खाली आली त्याच वर्षी, २००८ला, रक्ताच्याच दुसऱ्या एका आजाराची रेघ उलटी सरकली. सीएलएल म्हणून एक हळू चालणारा रक्ताचा कॅन्सर आहे. आधी सगळ्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) मिळून ५ हजार झाल्या की सीएलएल म्हणायचे, त्या वर्षीपासून त्यातल्या फक्त बी-लिम्फोसाइट ५ हजार लागायला लागल्या. त्यामुळं कितीतरी लोक, ज्यांना काल कॅन्सर म्हटलं असतं, ते आज कॅन्सरच्या वहीबाहेर गेले आणि त्यांना वेगळं, सौम्य नाव मिळालं. नियम करणाऱ्यांना फक्त पेशंटच वाढवायचे असते तर हे कशाला केलं असतं? आणि शाळेतल्या हिमोग्लोबिन तपासणीमुळं तुम्हाला माहीत असेल, सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी अ‍ॅनिमियाची रेघ ११ होती ती २०२४ला जागतिक आरोग्य संघटनेनं साडेदहावर आणली. म्हणजे १०.७ वाली बाळं एका कागदानं अ‍ॅनिमियातून बाहेर. त्यांच्या पोटात पालक-नाचणी काही जास्त गेली नाही. उद्या कुणी "अ‍ॅनिमिया घटला" म्हणून पाठ थोपटून घेईल तेव्हाही हाच प्रश्न विचारायचा, रेघ कुठली धरली? वाढीच्या बातमीवर शंका घ्यायची आणि घटीच्या बातमीवर घ्यायची नाही, हे बरोबर नाही.

जरा आडवाट आहे पण तुम्हाला शिक्षिका म्हणून आवडेल. पूर्वी बोनमॅरोत किंवा रक्तात ३० टक्के कोवळ्या ब्लास्ट पेशी असल्या की तीव्र ल्युकेमिया, म्हणजे झपाट्यानं वाढणारा रक्ताचा कॅन्सर, म्हणायचे. २००१ला ते २० टक्क्यांवर आणलं. म्हणजे २० ते २९ वाले पेशंट एमडीएसच्या वर्गातून उठून ल्युकेमियाच्या वर्गात गेले. आता समजा अ तुकडीतली सगळ्यात कच्ची मुलं ब तुकडीत घातली आणि ब मधल्या मुलांपेक्षा ती जरा हुशार ठरली, तर दोन्ही तुकड्यांची सरासरी एकदम सुधारते, आणि एकाही मुलाचा एकही मार्क वाढलेला नसतो. दोन काळांतले 'पाच वर्षं जगणारे इतके टक्के' असले आकडे शेजारी ठेवले की हेच होऊ शकतं. म्हणून मोबाईलवर सापडलेला जगण्याचा कुठलाही आकडा स्वतःला लावायच्या आधी तो कुठल्या सालच्या व्याख्येतला आहे हे बघायचं, आणि ते तुम्हाला एकटीला शोधता येणार नाही, डॉक्टरांना विचारा.

आता तो शब्द. कॅन्सर म्हणायचं का? ताई, २००८लाच या आजारांच्या गटाचं नावही बदललं, आधी 'डिसऑर्डर' होतं, तिथं 'निओप्लाझम' आलं. कारण एवढंच की कळलं, हा एका पेशीत झालेला बदल आहे आणि ती पेशी स्वतःच्या प्रती काढत राहते. व्याख्येनं ते कॅन्सरच्या घराण्यात बसतं. पण गंमत बघा, हॉस्पिटलं आजारांना कोड द्यायला जी आयसीडी-१० वापरतात त्यात ईटीचा कोड डी-४७.३ आहे, आणि तो 'वागणूक नक्की नाही' अशा गाठींच्या भागात आहे, कॅन्सरच्या भागात नाही. एका पुस्तकात ३, दुसऱ्या पुस्तकात अनिश्चित. तज्ज्ञांच्याच दोन वह्यांत एकमत नाही तर तुम्ही रात्री दोन वाजता मोबाईलवर ते कसं ठरवणार? मला विचाराल तर तुम्ही चुकीच्या प्रश्नावर झोप घालवताय. तुमच्यासाठी उपयोगाचा प्रश्न हा की मला गुठळी व्हायचा धोका किती आणि तो कमी कसा करायचा. तुम्ही ५३च्या, आधी कधी गुठळी नाही, जॅक-२ आहे. सध्याच्या पद्धतीनं हा कमी धोक्याचा गट, आणि त्याला अ‍ॅस्पिरिन आणि नियमित तपासणी हेच सांगतात. बरीच माणसं हा आजार घेऊन जवळपास पूर्ण आयुष्य जगतात. साठी ओलांडलीत की गट बदलेल आणि तेव्हा बहुतेक हायड्रॉक्सीयुरिया या प्लेटलेट्स कमी करणाऱ्या औषधाचं बोलणं निघेल. तेव्हा परत "आता एकदम मला काय झालं" म्हणून घाबरू नका, ती पण माणसांनी आखलेलीच रेघ आहे, ५९व्या आणि ६१व्या वर्षी रक्त काही एका रात्रीत बदलत नाही. पण आखलेली आहे म्हणून खोटी पण नाही, कुठं तरी आखावीच लागते, नाहीतर डॉक्टरांनी औषध सुरू तरी कधी करायचं.

डॉक्टरांकडं जाल तेव्हा वहीत लिहून न्या, आपण आत गेलो की अर्धं विसरतो. विचारा की बोनमॅरोत ईटीच दिसला का, की त्याच्यासारखा दिसणारा सुरुवातीचा मायलोफायब्रोसिस (बोनमॅरो हळूहळू तंतूंनी भरून घट्ट होत जायचा आजार) आहे, कारण दोन्हींत प्लेटलेट्स सारख्याच वाढतात पण पुढची वाट वेगळी असते. विचारा की लोह तपासलंय का. विचारा की सीबीसी किती महिन्यांनी करायचा आणि कुठल्या आकड्याला तुम्हाला लगेच फोन करायचा, कारण प्लेटलेट्स दहा लाखांच्या फार पुढं गेल्या तर उलटं रक्तस्राव व्हायची भीती असते आणि तेव्हा अ‍ॅस्पिरिनचाही फेरविचार करतात. शक्यतो एकाच लॅबमधे करा. बीपी आणि शुगर बघून घ्या. आणि हे मी प्रत्येक बाईला विचारते, मिश्री लावता का? लावत असाल तर ती सोडायला मदत मागा, लाजू नका, तुमच्या प्लेटलेट्स कमी करणं तुमच्या हातात नाही पण तंबाखू आहे. कुठलंही ऑपरेशन, अगदी दात काढायचा असला, तरी ईटी आणि अ‍ॅस्पिरिनचं आधी सांगायचं.

विम्याचं पण बघा, हे सगळ्याच वाचकांसाठी. 'क्रिटिकल इलनेस' पॉलिसीत कॅन्सरची ठरलेली व्याख्या छापलेली असते आणि त्यातून सीमारेषेवरच्या, वागणूक नक्की नसलेल्या गाठी वगळलेल्या असतात, सीएलएल तर तिसऱ्या टप्प्याच्या आधी धरतच नाहीत. म्हणजे रिपोर्टवर शब्द कुठलाही असो, पैसे मिळणार की नाही हे तिसरीच वही ठरवते. पॉलिसी काढून ती पानं वाचा, डॉक्टरांच्या कागदावर निदानाचं पूर्ण नाव आणि कोड आहे ना बघा. नवीन पॉलिसी घेताना मात्र ईटी लपवू नका, एका गोळीचा तर आजार म्हणून सोडलं तर पुढं क्लेम अडकतो.

राहिलं लेकीचं लग्न. ताई, तुम्ही लिहिलंय "आमच्या घराण्यात ब्लड कॅन्सर आहे असं होईल". यातला 'घराण्यात' हा शब्दच बरोबर नाही. जॅक-२चा तुमचा बदल जन्मानं आलेला नाही, मोठेपणी बोनमॅरोतल्या एका पेशीत झालेला आहे, तो लेकीला बीजातून गेलेला नाही. स्वीडनमधे या पेशंटांच्या जवळच्या नातेवाइकांचा मोठा अभ्यास झालाय, त्यात भाऊ-बहीण-मुलांमधे हे आजार इतरांपेक्षा काही पटीनं जास्त दिसले हे खरं, पण मुळात आजार इतका विरळ आहे की काही पट होऊनही शक्यता फारच थोडी राहते. लेकीला आज कुठलीही टेस्ट करायची गरज नाही.

सांगायचं का? आधी लेकीला सांगा, सगळं, रिपोर्ट दाखवून. पत्रावरून वाटतंय तिला फक्त 'प्लेटलेटचं काहीतरी' एवढंच माहीत आहे. २६ वर्षांची आहे ती, आणि तुम्हाला काही झालं तर पहिला फोन तिलाच जाणार. मग सासरच्यांना काय आणि कधी सांगायचं हे तिला ठरवू दे, माझं मत विचाराल तर साखरपुड्याआधी मुलाशी तिनं स्वतः बोलावं. आणि बोलताना रिपोर्टवरचा शब्द उचलून पुढं ठेवायची गरज नाही, लपवायचीही नाही. साध्या मराठीत सांगायचं: आईच्या रक्तात प्लेटलेट्स जास्त बनतात, गुठळी होऊ नये म्हणून रोज एक गोळी घेते, तीन-चार महिन्यांनी तपासणी असते, हे अनुवंशिक नाही. कुणी पुढं होऊन विचारलं की हा कॅन्सर का, तर म्हणायचं की पुस्तकात त्या गटात धरतात, डॉक्टर काय म्हणतात ते हवं तर आपण सगळे मिळून ऐकू. एवढ्यावरून जे लोक मागं फिरतील त्यांचं काय करायचं ते लेक ठरवेल, तुम्ही तिच्या वतीनं आधीच घाबरून बसू नका.

दादांना माझं हे उत्तर वाचायला द्या. त्यांचा सीबीसी झाला की आकडा मला नक्की कळवा, आणि आधी तो डॉक्टरांना फोन.